फ्रीसिव्ह: शत्रूची राजधानी घेतल्यावर नेमकं काय होतं? आधी राजधानी की आधी सरहद्दीवरची शहरं?

सह्यकडा

फ्रीसिव्ह (साम्राज्य उभारायचा, टर्नवर चालणारा संगणक खेळ), क्लासिक रूलसेट (नियमसंच), घरच्याच मशीनवर सर्व्हर. समोर एआय आहे. त्याची मोनार्की, राजधानी धरून 13 शहरं, खजिन्यात साधारण 1200 सोनं. राजधानी समुद्रकाठी सपाट जमिनीवर, आकार 12, आत चार मस्केटिअर्स (बंदूकधारी पायदळ) आणि सिटी वॉल्स. तिथून बरीच लांब, माझ्या सरहद्दीला लागून त्याची तीन मध्यम शहरं आहेत, आकार 6 च्या आसपास. त्याच्या एका शहरात सध्या दंगल चालू आहे. माझ्याकडे कॅनन (तोफा), ड्रॅगून्स (घोडेस्वार), मस्केटिअर्स आणि गॅलिअन (सैन्य वाहणारी जहाजं) आहेत. गव्हर्नमेंट माझंही मोनार्कीच.

विचारायचं ते असं:

राजधानी पडली की सिव्हिल वॉर (देश फुटून त्याची काही शहरं नव्या खेळाडूकडे जाणं) होतं म्हणतात. ते नक्की कधी होतं, शक्यता किती आणि ती वाढवता येते का? होतं तेव्हा शहरं कशी वाटली जातात? लूट किती मिळते? आणि आधी जवळची तीन शहरं घेऊन मग राजधानीकडे जावं, की थेट समुद्रातून राजधानीवरच उतरावं?

---

तटबंदी

आधी सर्व्हरची दोन सेटिंग्ज बघा, मग बाकीचं. चॅटच्या ओळीत शो कमांड देऊन सिव्हिलवॉरसाइझ आणि सेव्हपॅलेस यांच्या किमती काढा (टाइप अर्थातच रोमन लिपीत करायचं). उत्तराचा निम्मा भाग या दोन आकड्यांत आहे.

सिव्हिलवॉरसाइझ मूळचं 10 असतं. म्हणजे राजधानी पडते त्या क्षणी त्याच्याकडे किमान 10 शहरं असली तरच सिव्हिल वॉरचा फासा टाकला जातो. या मोजणीत राजधानीही धरतात. सेटिंग कमाल किमतीवर, म्हणजे 1000 वर ठेवलं असेल तर सिव्हिल वॉर बंदच. काही ऑनलाइन सर्व्हर ते मुद्दाम बंद ठेवतात.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर इथेच बरंचसं मिळतं. आज त्याची 13 शहरं आहेत. सरहद्दीवरची तीन घेतलीत की राहतात 10, म्हणजे अगदी काठावर. चौथं एखादं पडलं, किंवा तिसऱ्याच कुणी त्याचं एक शहर उचललं, की 9 होतात आणि फासा टाकलाच जात नाही. सिव्हिल वॉर हवं असेल तर राजधानी आधी.

आता शक्यता. ती गव्हर्नमेंटवर ठरते. मूळ आकडे असे: अनार्की 90 टक्के, डेस्पोटिझम 80, मोनार्की 70, फंडामेंटलिझम 60, कम्युनिझम 50, रिपब्लिक 40, डेमॉक्रसी 30. त्यात दंगल चालू असलेल्या प्रत्येक शहरामागे 5 मिळवायचे आणि उत्सव चालू असलेल्या प्रत्येक शहरामागे 5 वजा करायचे. तुमचा एआय मोनार्कीत, एक शहर दंगलीत, म्हणजे 75 टक्के. चांगली शक्यता आहे, पण चारातून एकदा काहीच होणार नाही हेही त्यातच आलं. डेमॉक्रसीत सहा शहरं उत्सव करत असतील तर हिशोब शून्यावर येतो. अशा देशाची राजधानी सिव्हिल वॉरच्या आशेने घेण्यात अर्थ नाही.

हे आकडे क्लासिकचे. नव्या आवृत्त्या सुरू केल्यावर सिव्ह-टू-सिव्ह-थ्री हा रूलसेट आपोआप निवडलेला असतो आणि त्याचे नियम वेगळे आहेत. तेव्हा आपण क्लासिकमध्येच आहोत ना याचीही खात्री करा. प्रत्येक रूलसेटच्या इफेक्ट्सच्या फाइलमध्ये सिव्हिल वॉर चान्स नावाचा इफेक्ट असतो, खरे आकडे तिथे वाचावेत.

---

पॅलेस_नंबर_दोन

तटबंदींनी सेव्हपॅलेसचं नाव घेतलं आणि पुढे गेले, पण माझ्या मते राजधानी घेण्याचा खरा परिणाम त्यावरच ठरतो.

सेव्हपॅलेस चालू असेल (मूळचं चालूच असतं), तर राजधानी पडल्यापडल्या शत्रूला दुसऱ्या एखाद्या शहरात पॅलेस (ज्या इमारतीमुळे शहर राजधानी ठरतं ती) फुकट मिळतो. शहर यादृच्छिक निवडलं जातं. एरवी पॅलेस बांधायला मेसनरी लागते, इथे तीही अट नाही. म्हणजे सिव्हिल वॉरचा फासा चुकला तर तुम्ही एक मोठं शहर घेतलंत, एवढंच. रायगड पडला तरी राजाराम महाराज जिंजीला पोचले आणि राज्य चालू राहिलं, तसा प्रकार. फरक इतकाच की जिंजी विचार करून निवडली होती. फ्रीसिव्ह डोळे मिटून निवडतं, आणि कधीकधी नवा पॅलेस नेमका तुमच्या तोफांच्या तोंडासमोरच्या शहरात जाऊन बसतो.

सेव्हपॅलेस बंद असेल तर मात्र खेळ उलटतो. ज्या गव्हर्नमेंटमध्ये अंतरानुसार ट्रेड वाया जातो, तिथे सत्तेचं केंद्रच उरलं नाही की त्याच्या शहरांतला सगळा ट्रेड वाया जातो. ट्रेड नाही म्हणजे कर नाही, लक्झरी (लोकांना खूश ठेवणारा खर्च) नाही, संशोधन नाही. नवा पॅलेस बांधून होईपर्यंत तो पांगळा. इमारतींची देखभाल सुटत नसल्याने खजिना आटत जातो, आणि लक्झरी गेल्यामुळे दंगली वाढतात.

म्हणून पहिलं काम सेव्हपॅलेस तपासणं. बंद असेल तर सिव्हिल वॉर होवो न होवो, राजधानीच आधी. चालू असेल तर विचार करावा लागेल.

---

रिकामा_खजिना

लुटीबद्दल. फार आशा ठेवू नका. दोन भाग असतात. पहिला: शत्रूचं सोनं गुणिले शहराचा आकार भागिले 200. दुसरा: शून्यापासून शत्रूच्या सोन्याच्या विसाव्या हिश्शापर्यंत कोणताही आकडा. शहर घेताना एक नागरिक कमी होतो आणि आकार तो कमी झाल्यानंतरचा धरतात. तुमच्या उदाहरणात 1200 गुणिले 11 भागिले 200, म्हणजे 66, आणि वर 0 ते 60. थोडक्यात 66 ते 126 सोनं. राजधानी आहे म्हणून वेगळा बोनस काही नाही, दुसऱ्या कोणत्याही शहराला हेच सूत्र. याशिवाय क्लासिकमध्ये शहर जिंकल्यावर शत्रूकडे असलेलं आणि तुमच्याकडे नसलेलं एक टेक (तंत्रज्ञान) मिळतं. त्याची किंमत लुटीपेक्षा कितीतरी जास्त.

इमारतींपैकी प्रत्येक साधी इमारत कोसळण्याची शक्यता 20 टक्के. मोठे वंडर्स (जगात एकदाच बांधता येणाऱ्या इमारती) राहतात आणि तुमचे होतात. पॅलेस जातो.

खरी कमाई पुढे आहे आणि तिकडे फार जणांचं लक्ष जात नाही: डिप्लोमॅट पाठवून शहर फितवणं. फितवण्याची किंमत त्या शहराच्या राजधानीपासूनच्या अंतराने भागली जाते. ढोबळ हिशोब:

मालकाच्या खजिन्यातलं सोनं + 1000 + आतली फौज आणि इमारती यांची किंमत. शहरात दंगल असेल तर याच्या निम्मे, उत्सव असेल तर दुप्पट. मग गुणिले शहराचा आकार (सुखी लोक त्यात मिळवतात, दुःखी वजा करतात). मग भागिले अंतर अधिक 3. अंतर जास्तीत जास्त 32 धरतात, आणि राजधानीच नसेल तर सरळ 32.

समजा शत्रूकडे 1200 सोनं, शहराचा आकार 6, फौज-इमारतींचे 300. बेरीज 2500, गुणिले 6 म्हणजे 15000. राजधानी 6 घरांवर असेल तर भागिले 9, म्हणजे 1667 सोनं. राजधानी पडली आणि नवा पॅलेस 20 घरांवर गेला तर भागिले 23, म्हणजे 652. राजधानीच नसेल तर भागिले 35, म्हणजे 429. त्यात दंगल असेल तर 214.

म्हणजे जे शहर घ्यायला आधी तोफांचा ताफा लागला असता, ते आता एका डिप्लोमॅटने येतं. शिवाय आतली फौज तुमच्याकडे येते आणि इमारतीही कोसळत नाहीत. फितवलेल्या शहरातल्या मस्केटिअर्सनीच ते शहर राखायचं, वेगळी शिबंदी न्यायची गरज नाही.

अडचणी तीन. कोर्टहाउस असेल तर क्लासिकमध्ये किंमत चौपट. मालक डेमॉक्रसीत असेल तर शहर फितवताच येत नाही. आणि राजधानी स्वतः कधीच फितत नाही, ती लढूनच घ्यावी लागते. एकेकट्या युनिटला लाच देण्याची किंमतही राजधानीच्या अंतराने अशीच घसरते.

---

सह्यकडा

सेव्हपॅलेस चालू आहे, सिव्हिलवॉरसाइझ 10 आहे, रूलसेट क्लासिकच. सरहद्दीवरची तीन शहरं आधीच राजधानीपासून लांब आहेत, 22 ते 26 घरं. म्हणजे ती आजही स्वस्तच पडतील ना? आणि सिव्हिल वॉर झालं तर तीच बंडखोरांकडे गेली तर?

---

रिकामा_खजिना

हो, आजच स्वस्त आहेत. 15000 भागिले 25 म्हणजे 600 च्या घरात. तुमच्याकडे 1800 सोनं असेल तर तोफेचा एक गोळाही न उडवता तिन्ही मिळतील. पण मग त्याची शहरं 10 होतात, तटबंदींनी सांगितलेला काठ. हवीत तर दोन घ्या, तिसरं राहू द्या.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो: नवा पॅलेस कुठे बसेल हे कुणाच्या हातात नाही. तो तुमच्या सरहद्दीजवळच्या शहरात बसला तर भोवतालची शहरं एकदम महाग होतात. 25 ने भागायचं ते 6 ने भागावं लागेल. आणि ज्या शहरात पॅलेस बसला ते तर फितणारच नाही. म्हणून जे फितवायचंय ते राजधानीवर हल्ला करण्याच्या आधीच्या टर्नला फितवून मोकळं व्हावं. सेव्हपॅलेस बंद असता तर उलट सांगितलं असतं.

---

तटबंदी

बंडखोरांकडे शहरं कशी जातात ते सांगतो.

राजधानी तुमच्याकडे आली की उरलेल्यांपैकी निम्मी शहरं नव्या एआय खेळाडूकडे जातात. निवड यादृच्छिक, नवा पॅलेस असलेलं शहर वगळून. भूगोलाचा काहीही संबंध नाही. तुमच्या बाबतीत 13 पैकी एक तुमचं, उरली 12, त्यातली 6 बंडखोरांची. नकाशावर सरळ दोन तुकडे पडतील अशी कल्पना करू नका, तांदळात खडे पसरावेत तशी शहरं मिसळतात.

शहरात असलेली युनिट्स शहराबरोबर जातात. बाहेर असलेली त्यांच्या गृहशहराबरोबर जातात. एकाच घरावर दोन्ही पक्षांची युनिट्स आली तर ती आपापल्या जवळच्या शहरात हलवली जातात. समुद्रात बोटीवर असलेल्यांचंही तसंच.

मूळ मालक अनार्कीत ढकलला जातो आणि चालू संशोधनात साठलेले बल्ब (संशोधनाचे गुण) शून्य होतात. त्याचं डोकं वर यायला एक-दोन टर्न जातात. तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचा काळ तोच.

बंडखोरांना मूळ मालकाची सगळी टेक मिळतात. ते अडाणी नसतात, त्यांच्याकडेही मस्केटिअर्स असतात. त्यांचा कुणाशीच तह नसतो, तुमच्याशीही नाही. तुमची मूळ शत्रूकडची वकिलात राहते, पण बंडखोरांकडे नव्याने वकिलात उघडावी लागते. संपर्क होताच तिथे डिप्लोमॅट पाठवा किंवा तहाच्या बैठकीत वकिलातींची अदलाबदल मागा. बंडखोर मूळ मालकाशी लढत राहावेत असं वाटत असेल तर त्यांच्याशी लगेच युद्धबंदी करा. युद्धबंदी 16 टर्न टिकते, तेवढ्यात मूळ शत्रूचं उरकायचं.

---

निशाणबारी

इथे सगळेच सिव्हिल वॉर म्हणजे लॉटरी लागली असं धरून चाललेत. माझं मत वेगळं आहे.

एक शत्रू 12 शहरांचा असेल तर त्याच्याशी एक तह, एक आघाडी, एक हिशोब. दोन शत्रू 6-6 शहरांचे आणि तेही एकमेकांत मिसळलेले असले की तुमच्या सैन्याच्या वाटेत प्रत्येक दुसरं शहर वेगळ्या मालकाचं असतं. एकाशी युद्धबंदी केलीत आणि दुसऱ्याशी लढताय, तर ज्याच्याशी तह आहे त्याच्या हद्दीचा विचार करत हिंडावं लागतं. पुढे तह शांततेपर्यंत गेला तर त्याच्या हद्दीत तुमचं सैन्य शिरूच शकत नाही. तेव्हा युद्धबंदीवरच थांबा, शांततेच्या करारावर सही करू नका.

दुसरं असं की, शत्रू अंतराळयानाच्या मागे असेल किंवा फार मोठा झाला असेल तर त्याला फोडणं योग्य. पण तुमच्यापेक्षा तो मुळात कमजोर असेल आणि तुम्ही त्याला पूर्ण गिळणारच असाल, तर फूट पाडून काय मिळवलंत? खजिना एकाचा दोघांत गेला, तहाच्या बैठका दुप्पट, आणि बंडखोरांना इतर एआय मदत करू लागले तर एक नवाच शेजारी उभा राहिला. 13 शहरांच्या मोनार्कीला मी आधी सरहद्दीवरून 9 पर्यंत खाली आणेन आणि मग राजधानी घेईन, मुद्दाम, फासा पडूच नये म्हणून.

---

तटबंदी

मुद्दा मान्य आहे, पण अनार्की आणि बल्ब शून्य होणं हे तुम्ही हिशोबात धरलंच नाही. नऊ शहरांवर येईपर्यंत शत्रू प्रत्येक टर्नला मस्केटिअर्स विकत घेत राहतो. राजधानी आधी पडून फूट पडली तर त्याच रात्री त्याचं अर्धं सैन्य त्याच्याच विरोधात उभं राहतं. कोणती वाट बरी हे तुमच्याकडे लढाईला किती टर्न आहेत त्यावर ठरतं. लांबची, निवांत मोहीम असेल तर निशाणबारींचं बरोबर. पटकन खच्ची करायचं असेल तर राजधानी.

---

तोफखाना_अधिकारी

कोणत्या क्रमाने जायचं ते ठरवा, पण राजधानी पडायची कशी यावर कुणीच बोललं नाही.

सिटी वॉल्समागचा मस्केटिअर: बचाव 3, शहरात उभा असल्याने दीडपट म्हणजे 4.5, क्लासिकमध्ये वॉल्सचे 100 टक्के म्हणजे 9. कॅननचा हल्ला 8. दोघांचे हिटपॉइंट 20, फायरपॉवर 1. वरवर बरोबरी वाटते, पण समोरच्याला 20 वेळा लागेपर्यंत चालणाऱ्या लढाईत हा छोटा फरक मोठा होतो. साधा कॅनन तिनातली साधारण एक लढत जिंकतो. बॅरॅक्स टू (व्हेटरन, म्हणजे अनुभवी युनिट्स देणारी इमारत) असलेल्या शहरातून निघालेला व्हेटरन कॅनन 12 ने हल्ला करतो, आणि तोच सामना पाचातून चार वेळा जिंकतो. त्यामुळे बॅरॅक्सशिवाय कॅनन बांधून बोटीत भरणं म्हणजे सोनं समुद्रात टाकणं. शत्रूचे मस्केटिअर्सही व्हेटरन असतील तर बचाव 13.5 होतो, तेव्हा डिप्लोमॅट पाठवून आधी शहरात डोकावा. शहर टेकडीवर किंवा नदीवर असेल तर हिशोब आणखी बिघडतो, तुमचं सपाटीवर आहे म्हणून बरं.

चार मस्केटिअर्ससाठी सहा ते सात व्हेटरन कॅनन धरा. हरलेला कॅननही समोरच्याला जखमी करून जातो, म्हणून सातव्याची गरज बहुधा पडत नाही.

गॅलिअनमध्ये चार युनिट्स बसतात. कॅनन बोटीतून थेट हल्ला करू शकत नाही. ती सोय फक्त मरीन्सना आहे आणि मरीन्स अँफिबियस वॉरफेअरनंतर मिळतात. म्हणजे शहराशेजारी उतरायचं, एक टर्न तिथे काढायची आणि पुढच्या टर्नला हल्ला. ही मधली टर्न सगळ्यात धोक्याची. किलस्टॅक चालू असेल (मूळचं असतं) तर उघड्यावरच्या ढिगातला सगळ्यात बळकट रक्षक हरला की ढीगच्या ढीग मरतो. कॅननचा स्वतःचा बचाव 1 आहे. म्हणून ढिगात दोन मस्केटिअर्स फॉर्टिफाय करून ठेवा आणि उतरण्यासाठी टेकडी किंवा जंगल निवडा. जागा नसेल तर आधीच्या टर्नला वर्कर्स उतरवून किल्ला बांधायला घ्या. किल्ल्यात किलस्टॅक लागू होत नाही, रक्षक एकेक करून मरतात.

ताफा असा: सहा कॅनन, दोन मस्केटिअर्स, दोन ड्रॅगून्स, एक डिप्लोमॅट. अकरा युनिट्स, तीन गॅलिअन, एक जागा शिल्लक.

ड्रॅगून्स कशाला? ऑक्युपायचान्स मूळचं 0 असतं, त्यामुळे शेवटचा रक्षक मारल्यावर कॅनन आपोआप आत शिरत नाही. कॅननला चाल एकच, ती हल्ल्यात गेली. शहर रिकामं झालं आणि आत शिरायला चाल उरलेलं युनिट नसेल, तर शत्रू टर्न बदलताना तिथे नवीन रक्षक विकत घेतो आणि सगळं पाण्यात. ड्रॅगून्सना चाली दोन. त्यांना शेवटपर्यंत हातही लावू नका.

---

पॅलेस_नंबर_दोन

याला एक जोड. शत्रूचं शहर लोकसंख्येने कमी होत जातं का? किलसिटिझन चालू असेल तर जमिनीवरच्या युनिटने जिंकलेल्या प्रत्येक हल्ल्यामागे एक नागरिक मरतो. पण सिटी वॉल्स असतील तर ही हानी होत नाही. त्यामुळे तुमची राजधानी 12 चीच राहील आणि घेतल्यावर 11 होईल. वॉल्स नसत्या तर चार लढाया आणि एक कब्जा मिळून 7 उरले असते.

छोट्या शहराबाबत सावध राहा. आकार 1 असलेलं शहर घ्यायला गेलात तर ते नष्टच होतं, हाती काही येत नाही. राजधानी तशी नष्ट झाली तरी सिव्हिल वॉरचा फासा मात्र पडतो.

---

सह्यकडा

मग दंगली वाढवून 75 चे 85-90 करता येतील का?

---

निशाणबारी

थोडंफार. डिप्लोमॅटने त्याच्या शहरांत तोडफोड करून टेंपल किंवा मार्केटप्लेस उडालं तर सुखाचा तोल जातो, पण डिप्लोमॅटला लक्ष्य निवडता येत नाही. ते स्पायला जमतं, आणि निवडून मारल्यास यशाची शक्यता घटते. दोन दंगलींसाठी चार-पाच डिप्लोमॅट खर्च करून 10 टक्के मिळवायचे. तेच डिप्लोमॅट शहर फितवायला वापरा, फायदा नक्की दिसेल.

एक स्वस्त मार्ग आहे: हल्ल्याची टर्न निवडा. वकिलात असेल तर त्याचं गव्हर्नमेंट तुम्हाला दिसतं. तो गव्हर्नमेंट बदलायला निघाला आणि अनार्कीत गेला की मूळ आकडा 90 होतो. सैन्य किल्ल्यात तयार असेल तर अशी टर्न हातची सोडू नये. उलट तो मोनार्कीतून रिपब्लिककडे चाललाय असं दिसलं तर थांबू नका, तिथे 40 आहे.

---

वाळूचे_बुरूज

राजधानी घेतल्यानंतर घोळ कुठे होतो ते लिहितो, कारण बहुतेक जण इथेच ती परत गमावतात.

पहिली गोष्ट, ती राजधानी आता तुमची आहे म्हणजे फितवण्याचं सूत्र आता तुमच्याविरुद्ध चालतं. ती तुमच्या राजधानीपासून लांब, बहुधा दंगलीत, आणि किमतीत तुमचा खजिना धरला जातो. वर मूळ मालकाला ती निम्म्या किमतीत फितवता येते. तुमच्याकडे 300 सोनं, फौज-इमारतींचे 500, शहर दंगलीत, आकार 11 पण दुःखी लोक वजा जाऊन 7 धरला, अंतर 30: 1800 चे दंगलीमुळे 900, मूळ मालक म्हणून 450, गुणिले 7 म्हणजे 3150, भागिले 33. शंभरहून कमी सोन्यात तुमचा कॅननचा ताफा, जो तुम्ही विश्रांतीसाठी आत आणून ठेवलाय, शत्रूच्या ताब्यात जातो.

उपाय: त्याच टर्नला लक्झरी वाढवून किंवा कामगारांना एंटरटेनर (लोकांना खूश ठेवणारे नागरिक) करून दंगल मोडा. ताफ्यातला डिप्लोमॅट शहरात ठेवा, तो येणाऱ्या डिप्लोमॅटला अडवतो. आत कोर्टहाउस शाबूत असेल तर विकू नका, किंमत चौपट करणारं तेच आहे. नसेल तर उत्पादनात पहिलं तेच लावा. जखमी कॅनन शहरात ठेवण्यापेक्षा बाहेरच्या किल्ल्यात सुरक्षित.

मोनार्कीत आहात म्हणून फौज शहरात असल्याने लोक शांत राहतात, हे तुमच्या बाजूचं. रिपब्लिक किंवा डेमॉक्रसीत असता तर बाहेर फिरणाऱ्या प्रत्येक आक्रमक युनिटमागे घरच्या शहरात असंतोष वाढला असता.

दुसरी गोष्ट पार्टिझन्स. त्या शहराचा मूळ संस्थापक तोच असेल, कुणीतरी गेरिला वॉरफेअर शोधलं असेल आणि त्याचं गव्हर्नमेंट कम्युनिझम किंवा डेमॉक्रसी असेल, तर शहराभोवती पार्टिझन्स उगवतात. मोठ्या शहरात जास्त, कमाल आठ. तुमचा काळ मस्केटिअर्सचा आहे, म्हणून आज धोका नाही. पण हाच डाव पुढच्या युगात खेळणाऱ्यांनी राजधानीत फक्त तोफा ठेवून झोपू नये. हल्ला 4, बचाव 4 असलेला पार्टिझन कॅननला सहज उडवतो.

तिसरी गोष्ट छोटी आहे. त्या राजधानीला गृहशहर मानणारी शत्रूची युनिट्स, जी त्याच्या दुसऱ्या शहरात असतात ती तिथलीच होतात. उघड्यावर असलेली नष्ट होतात. राजधानीत बांधलेली बरीच फौज बाहेर मोहिमेवर असतानाच हल्ला करणं म्हणूनच फायद्याचं.

---

रिकामा_खजिना

वाळूचे_बुरूज यांच्या पहिल्या मुद्द्याला पुस्ती: खजिना रिकामा ठेवणं सरहद्दीवर शहाणपणाचं वाटतं, पण फितवण्याच्या किमतीत मालकाचं सोनं धरतात. तेव्हा राजधानी घेण्याच्या टर्नला सगळं सोनं उडवून टाकू नका. आणि आतल्या नको असलेल्या इमारती विकायच्या तर एका टर्नला एका शहरात एकच विकता येते. बॅरॅक्स आधी विका, देखभाल वाचते.

---

तटबंदी

अंतराळयानाचा मुद्दा निशाणबारींनी ओझरता काढला. पूर्ण सांगतो, कारण शेवटच्या युगात राजधानीवर झेपावण्याचं खरं कारण तेच. यान बांधायला सुरुवात झालेली असो की उडालेलं असो, राजधानी पडली की यान गेलं. सेव्हपॅलेस चालू असून नवा पॅलेस लगेच मिळाला तरी यान परत येत नाही. यान पोचायला बऱ्याच टर्न लागतात, तेवढाच तुमचा अवधी. त्या काळात वॉल्सची चिंता हॉवित्झर मिटवतो, त्याला सिटी वॉल्स लागू होत नाहीत. आणि आत शिरायला हेलिकॉप्टर चालतं, ते उडतंही आणि शहरही घेतं. विमानं शहर रिकामं करतात, पण घेऊ शकत नाहीत.

समोर माणूस असेल तर तो यान उडवण्याआधी पॅलेस दुसऱ्या शहरात हलवतो, बहुधा खंडाच्या आतल्या भागात. इंटेलिजन्सच्या रिपोर्टमध्ये राजधानीचं नाव दिसतं, हल्ल्याच्या टर्नला ते पुन्हा बघा. जुनी राजधानी जिंकून काही होत नाही.

---

सह्यकडा

ठरवलं ते असं: सरहद्दीवरची दोन शहरं आता फितवतो, तिसरं ठेवतो. 11 शहरं उरतील, म्हणजे सिव्हिल वॉरची अट शाबूत. बॅरॅक्स टू बांधून सहा कॅनन, तीन गॅलिअन. तेवढ्यात तो अनार्कीत गेला तर उत्तम. एक शंका: फितवलेली दोन शहरं मूळ मालक परत निम्म्यात फितवेल ना?

---

वाळूचे_बुरूज

फितवू शकतो, सूत्र तेच. पण ती तुमच्या सरहद्दीला लागून आहेत, तुमच्या राजधानीपासून 8-10 घरांवर असतील तर भागाकार 11-13 ने होतो, 33 ने नाही. दोन्हींत एकेक डिप्लोमॅट ठेवा आणि पहिल्याच टर्नला दंगल आहे का बघा. राजधानी पडून तो अनार्कीत गेला की त्याच्या हातात उधळायला सोनं फारसं उरत नाही.

गॅलिअन निघण्याआधी नकाशावर राजधानीला लागून असलेलं जंगल किंवा टेकडी शोधून तिथला शत्रूचा रस्ताही बघा. त्याच्या रस्त्यावरच उतरलात तर त्याच्या आतल्या शहरातून तोफा एका टर्नमध्ये तुमच्या ढिगापर्यंत पोचतात.